मॅटचा गुडघा

क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातल्या हॉलमध्ये मुलीची बास्केटबॉल प्रॅक्टिस बघताना बामचा उग्र वास आला आणि मॅट आठवला. मी इथे शिकत असताना हा ऑस्ट्रेलियन माझा हाउसमेट होता. दिवसा गोदामात काम करायचा, संध्याकाळी क्लबकडून खेळायचा. स्पेनच्या एका संघाने त्याला पूर्णवेळ खेळायला बोलावलं आणि त्याच आठवड्यात त्याचा गुडघा दुखावला. किचनमध्ये बसवून मी त्याला आईने पुण्याहून दिलेला बाम चोळत होतो. गुडघा टम्म सुजला होता, हाताला गरम लागत होता.

"दोन आठवड्यांत ग्रँड होईल बघ," तो इथल्या लोकांसारखं 'छान'ला 'ग्रँड' म्हणत हसला.

"मग मी स्पेनला मॅच बघायला येणार," मी म्हणालो. त्याने नुसती मान डोलावली.

तो पुन्हा कधी खेळला नाही. पर्थला परत गेला. आता वाटतं, त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं आणि धीर तो मला देत होता.