साडूंचा नऊ नंबर

जीव लावावा तर आमच्या थोरल्या साडूंनी. आणि लावला तोही कुणावर, तर इंग्लंडातल्या चौथ्या फळीच्या फुटबॉल क्लबात आघाडीला खेळणाऱ्या एका गड्यावर, ज्याला साडूंचं न्हावरे नावाचं गाव पृथ्वीच्या पाठीवर आहे याचा पत्ताही नव्हता. साडू रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे नवं मशीन बसवायला एक इंग्रज इंजिनिअर आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या गावच्या क्लबाचं कौतुक सांगायचा. मशीन बसलं, इंजिनिअर परत गेला, पुढे मशीनही भंगारात गेलं, पण साडूंच्या डोक्यात बसलेला क्लब काही निघाला नाही. त्यातही त्यांचा जीव अडकला तो पाठीवर नऊ नंबर लावून खेळणाऱ्या गड्यात. त्याचं नाव जिभेवर नीट बसेना म्हणून ते त्याला नुसतं ‘आपला गडी’ म्हणत.

आता हा गडी फार पराक्रमी होता अशातला भाग नाही. पोरवयात एका मोठ्या क्लबाच्या तालमीत होता, तिथून त्याला काढून टाकलं. त्यानंतर दर वर्षी नवं गाव. एका क्लबाने त्याला दुसऱ्याला उसना द्यावा, दुसऱ्याने गुडघा दुखतो म्हणून परत पाठवावा. मी एकदा चेष्टेने म्हणालो, “अहो, याला कुणी ठेवूनच घेत नाही.” साडूंना ते लागलं.

“पाव्हणं, पेरणीला सावडीनं उसना बैल कुणाचा मागत्यात? चांगला आसंल त्याचाच ना?”

गडी ज्या क्लबात जाईल त्या क्लबाचे साडू, आणि गड्याने तो क्लब सोडला की साडूंची त्या क्लबाशी बोलचाल बंद. एका हंगामात त्याच्या नावावर एकुलता एक गोल लागला, तोही कुणीतरी मारलेला चेंडू याच्या पाठीवर आपटून आत गेला म्हणून. साडूंनी चौकात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की छाती काढून सांगत, “पाठीनं केला!” लोक पेढा तोंडात टाकून मान डोलवत आणि आपल्या कामाला लागत.

एवढ्या खालच्या फळीची मॅच इकडे कुठे दाखवत नाहीत, त्यामुळे ती त्यांना दिसायची नाही. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि पडद्यावर गोलांचा आकडा बदलायची वाट बघायची, एवढाच कार्यक्रम. मी एका शनिवारी दौंडहून मुद्दाम मोटारसायकलवर गेलो आणि त्यांच्याबरोबर अख्खी मॅच शून्य-शून्य या आकड्याकडे बघत बसलो. मध्येच साडू म्हणाले, “गडी थकलाय आज.” कशावरून म्हटलं, तर म्हणाले, “आकडा हालंना.”

हसू यायचं, पण त्या घरात फार वेळ हसवत नसे. मूलबाळ नाही. माझी मेहुणी होती तोवर ती भाकरी थापता थापता आतून विचारायची, “लागला का वं?” तिला फुटबॉल चौकोनी की गोल हेही ठाऊक नसावं, पण विचारायची. ती गेली आणि विचारणारं कुणी उरलं नाही. आठवड्याचे सहा दिवस साडू कसे ढकलत ते मला माहीत नाही. सातवा मात्र त्या गड्याच्या जिवावर निघत होता. आणि एक दिवस गडी खेळणं सोडतोय असा त्यांचा फोन आला. गुडघ्याने शेवटी दगा दिला होता. “पाव्हणं, शनिवार गेला माझा,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या भागात माणूस मोठा झाला, लग्न झालं, वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो. साडूंनी शिरूरला जाऊन गड्याच्या निरोपाचा फ्लेक्स करायला टाकला. एरवी अशा फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चाळीसेक चेहरे दाटीवाटीने उभे असतात, याच्यावर साडू एकटेच होते. फ्लेक्सवाल्याने निरोप म्हटल्यावर फार विचार केला नाही. फोटोला फुलांचा हार चढवला, दोन्ही बाजूंना समया पेटवल्या आणि वर ढग सोडले. फ्लेक्स पहाटे लागला. सकाळी दहाच्या आत गाव साडूंच्या दारात बसायला आलं.

फ्लेक्स बघायला म्हणून मी पोचलो तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली माणसं खाली मान घालून बसली होती. शेजारचे आबा सुतकाच्या घरी नेतात तसं पिठलं-भाकरी घेऊन आले होते.

“वय काय हुतं?” कुणीतरी विचारलं.

“पस्तीस,” साडू म्हणाले.

“लई लवकर गेला. नात्यातला का?”

साडूंचे डोळे भरून आले. मेहुणी गेली त्या दिवसांनंतर त्या ओसरीवर एवढी माणसं मी पाहिली नव्हती, साडूंनीही नसावीत. एक शब्द न बोलता त्यांना दहाव्यापर्यंत ती सगळी धरून ठेवता आली असती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, “आवं, जित्ता हाय तो. नुस्तं खेळणं सोडलंय.”

बसलेल्यांनी माना वर केल्या. मग एकजण हसला, दोघं-तिघं चडफडले. कामाचा खोळंबा झाला म्हणत सगळे उठले. ओसरी बघता बघता रिकामी झाली. राहिले ते आबा.

“मंग तुमी रडत का हुता?”

“आता शनवारी काय करू, आबा?”

आबांनी भाकरीचं फडकं सोडलं. “आदी जेवा. गार हुतंय.”

पुढच्या शनिवारी मला दौंडमध्ये चैन पडेना. संध्याकाळी मॅचच्या वेळेला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर साडूंनी उचलला.

“काय करताय?”

“आबा आल्यात.”

“काय बघताय दोघं?”

“काय न्हाई,” साडू म्हणाले. “बसलोय.”