जाड भिंतीचं हृदय

दुसऱ्यांच्या हृदयापायी स्वतःच्या जिवाची इतकी तगमग करून घेणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर आजारी हृदयं उभी करतो. स्कॅनवरून आकार घ्यायचा, भिंत कुठे जाड, कुठे पातळ, किती ताणते ते भरायचं आणि आतून रक्त कसं धावतं ते बघायचं. गणित चालू असलं की हा खुर्चीला टेकत नाही, बायकोला मिक्सर लावू देत नाही. नवी पेठेतल्या माझ्या कापडदुकानात शिरला की ठाण उलगडून आधी सरळ ताणतो, मग तिरकं. "बघा, तिरकं जास्त येतंय. हृदयाचा स्नायूही असाच, दिशा बघून ताणतो," हे गिऱ्हाइकांना! लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या एक बाई छातीवर हात ठेवून बाहेर पडल्या, त्या परत फिरकल्या नाहीत. पेठेत रिक्षा तुंबल्या की रस्त्याच्या मधोमध उभा राहून हा ओरडणार, "कोपऱ्यात बघ, रक्तासारखं कसं गोल फिरून साचतंय!" एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "चाचा, वो तो दिख रा, पैले तुम बाजू हटो."

विद्यार्थ्यांवर मात्र त्याची जरब. उत्तर गोड यावं म्हणून कुणी आकडा ढकलला, की त्याची खैर नाही.

मग मैंदर्गीला आमच्या सासऱ्यांना झटका येऊन गेला. हृदयाची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. सासरे म्हणाले, "धाकल्या जावयाचं मशिन काय म्हनतंय बगू, मग ठरवू की." झालं! साडूचं अन्नपाण्यावरचं लक्ष उडालं. एका दुपारी मी गेलो, तर पडद्यावर सासऱ्यांचं हृदय झकास चाललं होतं. मला हायसं वाटलं. साडू मात्र येरझाऱ्या घालत होता.

"खोटं आहे ते. भिंत आहे त्यापेक्षा जाड भरलीय मी. मुद्दाम नाही रे, हात गेला."

मला त्या माणसाची फार माया आली. त्याने खरी जाडी भरली. फुगलेल्या जागी रक्त घुटमळू लागलं, बाहेर पडेना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मैंदर्गी गाठली. "मामा, डॉक्टरांचंच बरोबर आहे," साडू म्हणाला. "ऑपरेशन करून घ्या, पाया पडतो."

"खरं सांगितलंत तुमी, लई बरं वाटलं," सासरे म्हणाले. "पन साकु आता. ह्या वयात चिरफाड नको." त्यांच्या कानडीतलं 'साकु' म्हणजे पुरे, आणि ते एकदा तोंडातून निघालं की घरात कुणाचं काही चालत नसे. आम्ही दोघांनी, लेकींनी किती विनवलं. त्या उन्हाळ्यातच ते गेले.

परवा साडूकडे गेलो, तर पडद्यावर ते जाड भिंतीचं हृदय चालू होतं.

"पुसायचंय रे. चुकीचंच आहे," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं. दोघंही बघत राहिलो. फार छान चाललं होतं.