तिसरा हीटर प्लग

चंपाषष्ठीच्या सकाळी देवापुढे हात जोडायचे सोडून मी देवालाच दोष देत ट्रॅक्टरची चावी फिरवत होतो. रात्री बारीक पाऊस शिंतडून गेला होता आणि उजाडताना असं धुकं उतरलं, की ओट्यावरून बागेची पहिली ओळही दिसेना. बाग ऐन फुलोऱ्यात. द्राक्षवाल्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो, की फुलोऱ्यात घड ओले राहिले आणि वेळेत औषध पडलं नाही तर डावणी नावाचा रोग दोन दिवसांत घडच्या घड खाऊन टाकतो. औषध फवारायचा ब्लोअर चालतो ट्रॅक्टरवर, आणि आमचा छोटा ट्रॅक्टर नुसता खोकत होता. चहूकडून शेजाऱ्यांच्या ब्लोअरचा घुमारा येत होता. उसना तरी कोण देणार? ज्याची त्याची बाग फुलोऱ्यात.

दोष कुठे आहे हे मला ठाऊक होतं, हेच जास्त लागत होतं. थंडीत डिझेल इंजिनाला सुरू होण्याआधी आतून ऊब लागते. ती द्यायला इंजिनाच्या वरच्या जाड झाकणात, म्हणजे हेडमध्ये, तीन हीटर प्लग असतात. आमचे गेल्या हिवाळ्यातच मेले होते. नवे तीन मी नवरात्रात आणलेही होते. खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत पान्यांशेजारी ते मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि पूजेतली वस्तू लगेच कशी उचलायची म्हणून देवघरातच राहू दिले. दसरा गेला, दिवाळी गेली. बायको रोज पूजा करताना त्यांनाही एकेक फूल वाही. “अहो, हे तिघं कोणते देव?” असं तिनं एकदा विचारलंही होतं, आणि मी आपला हसलो होतो. त्या सकाळी तिनंच ते तिघे ताम्हनात घालून माझ्यासमोर आणून ठेवले.

मिस्त्री खंडोबाच्या जत्रेला गेलेला. मग मीच पाना हाती घेतला. पहिला प्लग निघाला, दुसरा कुरकुरत निघाला. तिसरा मात्र जाम. घाम फुटला, बोटं सोलवटली, तरी तो तसूभर हलेना. तेव्हा मी पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप अडकवला. दांडा लांब केला की काहीही सुटतं, हे आमच्या शिवारातलं शास्त्र. डोळे मिटून म्हटलं, खंडेराया, आता फक्त बळ दे, आणि अंगाचा भार टाकणार एवढ्यात मागून आवाज आला, “थांबा, थांबा. तो पाइप काढा आधी.”

धुक्यातून एक साठी उलटलेले गृहस्थ येत होते, मागे मोटारसायकलजवळ त्यांची बायको. दोघांच्या कपाळाला भंडारा. “जत्रेला चाललो व्हतो भाऊ, धुक्यात फाटा दिसला नाय. वाट इचारायला आलो.” पण वाट विचारायची राहिली आणि ते इंजिनापाशी वाकले. सगळी नोकरी त्यांनी बस आगारात, इंजिनं उघडण्यात काढली होती. “इंजिन पार गार हाय. असा जोर लावला का प्लग आतच मोडंल. मंग हेड उतरवा अन् आठ दिस बसा.”

“काका, माझ्याकडं दोन तासबी नाय.”

“म्हणूनच अर्धा तास बसायचं.”

“ऐका दादा यांचं,” लांबूनच काकू म्हणाल्या. “घरचा नळ टपकतोय पावसाळ्यापासून. दुसऱ्याचं इंजिन दिसलं का जत्राबी इसरता हे.”

माझ्या आंघोळीचं पाणी बंबात तापलं होतं; आज तळी भरायची होती ना. ते सगळं काकांनी मागून घेतलं. गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून हेडभोवती गुंडाळले, प्लगच्या बुडाशी ऑइलचे चार थेंब सोडले. मी पारोसा आणि इंजिनाला अभ्यंगस्नान. गोणपाट निवलं की काका ते बदलत. धुकं पांढरं व्हायला लागलं होतं, म्हणजे ऊन जवळ आलं होतं; औषध त्याआधी पडायला हवं होतं, आणि माझा हात दर दोन मिनिटांनी पान्याकडे जाई. “हात मांडीखाली ठेवा,” काका म्हणाले. मी खरोखरच तसा बसलो, पन्नाशीचा बाप्या, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. नवस बोलून झाले, गाऱ्हाणी घालून झाली, आणि मग मागायला काही उरलंच नाही. खंडेरायाचं नाव तेवढं ओठांवर चालू राहिलं. इतक्या वर्षांत काहीही न मागता ते नाव मी पहिल्यांदाच घेतलं असेन.

मग काकांनी पाना लावला आणि प्लग सोडवण्याऐवजी किंचित आवळला. पुन्हा थोडा उलटा, पुन्हा थोडा सुलटा. कट् असा बारीक आवाज झाला आणि तो मुकाट बाहेर आला, अख्खा. नवे प्लग त्यांनी बॅटरीला तार लावून तपासले. टोकं लालभडक झाली. “पूजा लय झाली यांची,” म्हणत कुंकू पुसलं, बोटांनीच आटे बसवले, शेवटी पान्यानं हलका ताण दिला. चावी अर्धी फिरवून दहा आकडे मोजायला लावले. अकराव्याला ट्रॅक्टर धडधडला. काकूंनी बॉनेटला आणि मला भंडारा लावला, बायकोनं आणलेला चहा दोघांनी उभ्यानंच घेतला. मी फाटा दाखवला आणि ती दोघं धुक्यात गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. औषधाची टाकी भरायची घाई होती.

ऊन चढेपर्यंत फवारणी झाली. ओढ्याकडच्या दोन ओळी राहिल्या, त्या डावणीनं नेल्या; बाकी बाग उभी राहिली. धाकटा भाऊ म्हणतो, वाट चुकलेला माणूस होता, त्यात देव कुठून आला? मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की त्या सकाळी मी बळ मागत होतो, आणि ते मिळालं असतं तर प्लग मोडून बसलो असतो. जे मागितलंच नव्हतं, ते जत्रेची वाट विचारायला येऊन, ‘थांबा’ म्हणत माझ्या पाठीशी उभं राहिलं होतं.