परत जा, दारानं ये

शैला गेल्याचं मला एका शाळेच्या बाईंकडून कळलं. मनमाडला घरी चहा घेत बसलो होतो, फोनवर मेसेज आला, 'ड्रेपरीवाल्या ताई वारल्या. आमच्या गॅदरिंगचे कपडे आता कोण देणार?' बाईंची काही चूक नाही. त्यांच्यासाठी शैला म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणारी बाई, आणि आमच्या संस्थेच्या पाटीवर दुसरा फोन नंबर माझा. पण जिनं आम्हाला रंगमंचावर उभं राहायला शिकवलं, तिच्या मरणाची बातमी मावळ्यांच्या पगड्यांच्या चौकशीसोबत यावी, याचा राग काही आठवडे उलटले तरी गेलेला नाही...

मी रेल्वेत होतो. ड्यूटी संपली की मिळेल ती गाडी पकडून नाशिकला तालमीला यायचो. जुन्या नाशकात, गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून जवळ, एका रिकाम्या गोदामात आमच्या नाट्यसंस्थेचा हॉल होता आणि शैला आमची दिग्दर्शिका. तिची एक खोड होती. नवं नाटक घेतलं की ती जमिनीवर खडूनं नेपथ्य आखायची. इथं भिंत, इथं खिडकी, इथं दार. एकदा आखली की ती भिंतच. तालीम असो की चहाची सुट्टी, कुणी रेघ ओलांडली की ओरडायची, "अव्या, भिंतीतून आलास. परत जा, दारानं ये." मी मुकाट परत जायचो, नसलेली कडी काढायचो आणि आत यायचो. नवीन पोरं आधी हसायची. मग पाणी प्यायला जातानाही वळसा घालायला लागायची.

संस्थेला मिळणारी मदत आटली, तेव्हा कुठल्याशा कार्यशाळेत आम्हाला सांगण्यात आलं की कलासंस्थांनी हात पसरू नयेत. स्वतःचा सामाजिक उद्योग उभा करावा, चार घरांना काम द्यावं आणि त्या कमाईवर कला करावी. ऐकायला छानच होतं. परतताना एसटीत शैला गप्प बसायला तयार नव्हती. "अरे, आपल्या ट्रंकांमध्ये निम्मी शिवशाही पडलीय. शाळांना भाड्यानं देऊ. नवे कपडे गल्लीतल्या बायका शिवतील. वर्षाला एक नाटक तर सहज निघेल." कापडासाठी जुबेदाभाभी मिळाल्या. माहेर मालेगावचं, घरात यंत्रमाग, आणि हातात अशी कला की जुन्या पडद्याचा शालू करतील. त्यांच्यामागून आणखी बायका आल्या, मशिनी आल्या. काम खरोखर चांगलं होतं. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझं रडगाणं खोटं ठरेल.

फक्त एक गोष्ट त्या कार्यशाळेत कुणी बोललं नाही आणि आमच्याही टाळक्यात शिरली नाही. शाळांची गॅदरिंगं आणि नाट्यस्पर्धा एकाच हंगामात येतात. आम्हाला तालमीला हॉल हवा, नेमके तेव्हाच शाळांना वासुदेव, कोळी आणि जिजाऊ हवे. उद्योगाच्या त्या पहिल्याच वर्षी शैलानं प्रथमच स्वतः नाटक लिहिलं होतं, एका खोलीत राहणाऱ्या दोन बहिणींचं. खडू पुसला जातो म्हणून तिनं ती खोली पांढऱ्या ऑइलपेंटनं आखली. तालमी रंगात आल्या आणि एका मोठ्या शाळेची ऑर्डर आली. नटमंडळी आठवडाभर मदतीला बसली, मग आणखी एक आठवडा... स्पर्धेतून नाव मागे घ्यावं लागलं. शैला म्हणाली, "यंदाचा सीझन होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी खोलीच्या बाहेर कपड्यांचे रॅक लागले. त्याच्या पुढच्या वर्षी एक रॅक आत आला, दारातून, तिरका करून, तिच्या देखरेखीखाली. ज्यांना नाटक करायचं होतं ते हळूहळू गेले, ज्यांना काम हवं होतं त्या राहिल्या. यात कुणाचं काय चुकलं ते मी अजून शोधतोय. सापडत नाही, आणि तेच जास्त छळतं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ती वासुदेवाच्या टोपीला मोरपिसं लावत बसली होती. मी म्हटलं, "संस्था जोरात आहे."

"संस्था कुठाय? दुकान जोरात आहे." पुढचं पीस टोचत म्हणाली, "बंद करावंसं वाटतं रे. पण या बायकांनी कुठं जायचं?" आणि मग टोपी फिरवत, माझ्याकडे न बघता, "पाठ आहे मला अजून. दोघी बहिणींचं."

थंडीत, ऐन सीझनमध्ये, तिचं हृदय बंद पडलं. दुसऱ्या दिवशीची ऑर्डर वेळेवर गेली.

शोकसभेसाठी रॅक कडेला सरकवले, खुर्च्या मांडल्या आणि इतक्या वर्षांनी ती पांढरी खोली उघडी पडली. भाषणांत शैला उद्योजिका होती, आधार होती, प्रेरणास्थान तर होतीच. दिग्दर्शिका हा शब्द एकानंही उच्चारला नाही. लोक बिनदिक्कत भिंतीतून ये-जा करत होते आणि मी खुर्चीत बसून मनातल्या मनात ओरडत होतो. तेवढ्यात जुबेदाभाभी चहाचा ट्रे घेऊन आल्या. सरळ न येता वळसा घालून दारापाशी गेल्या, ट्रे एका हातावर पेलला, दुसऱ्या हातानं कडी काढली आणि आत आल्या. मला पुढचं भाषण ऐकूच आलं नाही.

सगळे पांगल्यावर विचारलं, "भाभी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ताई बोलायच्या ना, इथं दीवार हाय. दीवारमधून कोण जातं का?" त्यांनी आमचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. त्या आल्यापासून आम्ही केलंच नव्हतं. कप गोळा करता करता त्या म्हणाल्या, "अविनाशभाई, पुढच्या हप्त्यात नवीन फरशी बसणार. मशिनी लय हलतात म्हणून. मग ताईंचं दार कुठं राहणार?"

मी उरलेले कप त्यांच्या ट्रेमध्ये ठेवले. मी खोलीतून निघालो, दारानंच. भाभी मागून बाहेर आल्या, हात वर केला आणि नसलेली कडी लावली.