अळशी, गुळाची ढेप आणि होणाऱ्या विहीणबाई

चहा घ्या आधी. आणि कप खाली ठेवूनच ऐका, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून तो हातातून सुटेल. अहो, माझ्या हातून असा पराक्रम घडलाय की अजून आठवला तरी मी पदरात तोंड लपवते. आणि हो, हसायचं नाही. हसलात तर बिस्किटं परत डब्यात!

आमचं बिबवेवाडीतलं दुकान तुम्हाला माहीतच आहे. मसाले, सुकामेवा आणि एका कोपऱ्यात काष्ठौषधी. आमचे हे सकाळी मार्केट यार्डातून माल आणतात आणि मी गल्ल्यावर बसते. इतकी वर्षं सगळा कारभार तोंडी. कुठल्या फळीवर काय आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा!

पण आमची केतकी पडली हिंजवडीची कंप्युटरवाली. तिला हे बघवेना. "आई, अगं कुठल्या काळात राहतेस?" असं म्हणत तिने एक बारकोड स्कॅनर मागवला. हातात धरायचा, पिस्तुलासारखा. घोडा दाबला की लाल उजेड पडतो, 'टिंग' वाजतं आणि मालाचं नाव कंप्युटरात जाऊन बसतं. आमचा सगळा माल सुटा, पाकिटं आम्हीच भरतो, मग त्यावर बारकोड कुठले असणार? ते तिने घरीच छापले. नंबर माझ्या लक्षात राहणार नाहीत म्हणून त्यात सरळ मालाचं नावच घातलं, इंग्रजी अक्षरांत. दोन दिवस आम्ही मायलेकी पाकिटांवर चिकटपट्ट्या लावत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला निघताना म्हणाली, "आई, स्कॅनर मी संध्याकाळी आल्यावर लावते. तू हात लावू नकोस."

आता मला सांगा, असं कुणी म्हटल्यावर हात लावल्याशिवाय राहवतं का?

खोकं फोडलं. आत एक नखाएवढं पिल्लू होतं, ते लॅपटॉपला खोचलं की स्कॅनरला वायर लागत नाही. लॅपटॉप मागच्या खोलीत, धन्यांच्या पोत्यावर, कारण चार्जिंगची जागा तिथेच. माहितीच्या कागदावरही बारकोडच बारकोड! त्यातला पहिला स्कॅन करा, मग दुसरा करा, असं लिहिलेलं. मी केला. टिंग! दुसरा केला. टिंग टिंग! बिलाचा तक्ता उघडला, हळदीचं पाकीट धरलं, घोडा दाबला. स्क्रीनवर आपोआप 'हळद' उमटलं!

अहो, काय आनंद झाला म्हणून सांगू! चंद्रावर यान उतरवणाऱ्यांनासुद्धा एवढा झाला नसेल. म्हटलं, संध्याकाळपर्यंत सगळं दुकान चढवून ठेवते. केतकी तोंडात बोट घालेल!

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपवर मेसेज आला. शोभाताईंचा.

शोभाताई म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई. त्यांचा सौरभ केतकीच्याच कंपनीत. दोघांनी आपापलं ठरवलेलंच होतं, आपण मोठ्यांनी फक्त मान डोलवायची. ती मंडळी मूळची अमरावतीची, पण आता इथे धनकवडीत घर केलंय. रविवारी ते आमच्याकडे येऊन गेले होते. माणसं मोकळी, गोड. केतकीने मला दहादा बजावलं होतं, "आई, नीट वाग. त्यांचा होकार जवळपास आलाय. तू काही भलतंच बोलू नकोस."

मेसेज होता, "ताई, काय करून राहिल्या? थोडं बोलायचं होतं."

केतकीने लॅपटॉपवर व्हॉट्सॲप लावून दिलंय, चष्मा असूनही मला फोनवर दिसत नाही म्हणून. मी लगेच लिहिलं, "बोला ना ताई, मी इथेच आहे. अगदी मनमोकळं बोला." तेवढ्यात बाहेर गिऱ्हाइकाने हाक मारली. मी स्कॅनर उचलला आणि पुढे आले. गिऱ्हाईक गेलं. शोभाताई म्हटल्या म्हणजे लिहायला वेळ घेणारच, तोवर एक फळी उरकून टाकू, असं म्हणून मी स्कॅनर सरसावला.

टिंग! टिंग! टिंग! मला तर गाणंच सुचायला लागलं. मधेमधे गिऱ्हाइकं करत करत अर्धी फळी झाली. कोपऱ्यातली औषधंसुद्धा सोडली नाहीत. शोभाताईंना मी साफ विसरले, खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वेळाने घाम पुसत आत आले. म्हटलं, बघू तरी केवढी मोठी यादी झाली ती.

बिलाच्या तक्त्यात फक्त हळद. बाकी सगळा कोरा!

अरेच्चा! मग एवढं टिंग टिंग गेलं कुठे?

मी व्हॉट्सॲपकडे बघितलं. धन्यांच्या पोत्यावरच बसले, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

शोभाताईंनी विचारलं होतं, "खरं खरं सांगा ताई, आमचा सौरभ कसा वाटला?"

खाली माझं उत्तर. ए, एल, एस, एच, आय. मी स्कॅन केली होती अळशी, जवस हो, चटणीची! पण इंग्रजीत अळशी काय आणि आळशी काय, लिहिणार सारखंच!

बिचाऱ्यांनी लिहिलं होतं, "आळशी? सुटीच्या दिवशी उशिरा उठतो तो, पण कामाला वाघ आहे हो."

त्यावर मी: "आळशी." पुन्हा: "आळशी." पुन्हा: "आळशी." फळीवर अळशीची चार पाकिटं होती ना!

पुढे वाचवेना, आणि वाचल्याशिवाय राहवेना.

"बरं बाई, आईला मुलाचे दोष दिसत नाहीत. पण आमच्या ह्यांच्याशी तर तुमच्या गप्पा छान रंगल्या होत्या. ते कसे वाटले?"

मी: "गुळाची ढेप."

अहो, सौरभचे वडील अंगाने चांगलेच भरलेले! सोफ्यावर बसले तर शेजारी उशीला जागा उरली नव्हती. आणि मी त्यांना ढेप म्हणाले!

"ताई, त्यांना थायरॉईड आहे," शोभाताईंनी लिहिलं होतं. "असं बोलू नये. माझं काही चुकलं का त्या दिवशी? माझा राग आलाय का तुम्हाला?"

मी: "दगड फूल."

दगडफूल तुम्हाला माहीत आहे, काळ्या मसाल्यात घालतो ते. पण आमच्या कन्यारत्नाने त्यातल्या फुलाचं स्पेलिंग केलं होतं एफ, डबल ओ, एल! म्हणजे होणाऱ्या विहिणीला मी एका दमात दगडही म्हटलं आणि मूर्खही म्हटलं!

"हे काय बोलून राहिल्या तुम्ही? आम्ही काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?"

मी: "अक्कलकारा."

अक्कलकारा ही एक मुळी असते हो, दातदुखीवर देतात! पण त्या बाईंनी काय वाचलं असेल? अक्कल करा!

शेवटचा प्रश्न होता, "एकदाच विचारते. हे स्थळ तुम्हाला पसंत आहे की नाही?"

मी: "कडू." त्याच ओळीत पुढे "जिरे" होतं, पण माणूस 'कडू' वाचल्यावर जिऱ्यापर्यंत कशाला जाईल?

त्यानंतर त्यांची एकच ओळ. "आम्ही दोघं तुमच्या दुकानात येऊन राहिलो. समोरासमोरच बोलू."

घाईघाईने लिहायला घेतलं, "ताई, मोठा गैरसमज झालाय, माझ्या मनात तुमच्याबद्दल फक्त" आणि तुम्हाला सांगते, स्कॅनर अजून माझ्या उजव्या हाताच्या बोटांत अडकलेला! टाइप करताना बोट पडलं, घोडा दाबला गेला, समोर पडलं होतं एक पाकीट.

टिंग!

माझ्या डोळ्यांदेखत गेला मेसेज: "माझ्या मनात तुमच्याबद्दल फक्त फुटाणे."

मी किंचाळले आणि स्कॅनर शेजारच्या पोत्यात फेकला. फोन केला, शोभाताई उचलेनात. मग केतकीला लावला.

"केतू, अगं मशीन बिघडलंय! ते शोभाताईंशी भांडतंय!"

"काय?" ती एवढ्या जोराने ओरडली की तिचं अख्खं ऑफिस वळून बघत असणार. मी सगळं वाचून दाखवलं.

"आई," ती म्हणाली, "स्कॅनर म्हणजे फक्त कीबोर्ड असतो गं. कर्सर जिथे असेल तिथे टाइप करतो आणि स्वतःच एंटर मारतो. तू कर्सर त्यांच्या चॅटमध्ये ठेवून गेलीस! डिलीट कर. सगळे मेसेज आधी डिलीट कर!"

केले. एकेक करून केले. 'डिलीट' दाबलं की दोन पर्याय येतात, त्यातला मला जवळचा वाटला तो निवडला. स्क्रीन स्वच्छ! केतकीला म्हटलं, "झालं गं बाई, गंगेत घोडं न्हालं."

"डिलीट फॉर एव्हरीवन केलंस ना?"

"नाही बाई. फॉर मी. मलाच नको होते ना ते!"

पलीकडून फोन कट झाला.

आणि दुकानासमोर रिक्षा थांबली. शोभाताई उतरल्या, तोंड लाल. मागून सौरभचे बाबा, आधी एक खांदा, मग दुसरा, असे तिरके होऊन उतरले. मला ते बघून हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं.

"या ना, बसा ना," मी म्हटलं. आवाज कुणाचा होता देव जाणे.

"बसायला नाही आलो आम्ही," शोभाताई म्हणाल्या. फोन माझ्या नाकासमोर. "ताई, स्थळ नको होतं तर सरळ नाही म्हणायचं. आमच्या ह्यांनी तुमचं काय बिघडवलं होतं?"

"अहो, ते मी नाही! ते हे!" म्हणून मी आतल्या पोत्यातून स्कॅनर ओढून आणला आणि त्यांच्यासमोर धरला. सौरभचे बाबा दचकले, मग सवयीने पुढे झाले आणि करोनात ताप मोजायला द्यायचो तसं कपाळ पुढे केलं!

"कपाळ नको हो, तुम्ही फक्त बघा," म्हणत मी दोघांना आत नेलं. अळशीचं पाकीट धरलं. घोडा दाबला. इकडे टिंग, तिकडे शोभाताईंच्या हातातल्या फोनवर टुंग. त्यांनी फोन बघितला. "आळशी." मग माझ्या हातातलं पाकीट बघितलं. पुन्हा फोन बघितला.

मी डोळे मिटून घेतले. लेकीचं लग्न माझ्या हातातल्या त्या पाकिटावर टेकलं होतं हो!

मग सौरभचे बाबा गंभीर आवाजात म्हणाले, "ती ढेप दाखवा बरं. निदान भेट तरी होऊ द्या आमची."

आणि शोभाताई फिसकन हसल्या! अशा हसल्या, अशा हसल्या की धन्यांच्या पोत्यावर बसल्या. मग मीही बसले. मला तर हसता हसता हुंदकाच आला. त्यांनी माझा हात धरला.

"बाप्पा, काय जीव घेतला तुम्ही आमचा! मी ह्यांना म्हणत होते, बाई रविवारी तर किती शहाणी दिसत होती."

मग काय, तिघांनी चहा घेतला आणि एकेक मेसेज निस्तरत बसलो. त्या वाचायच्या, मी फळीवरून पाकीट काढून दाखवायची. दगडफूल हुंगून झालं, अक्कलकारा तर सौरभच्या बाबांनी चावून बघितला आणि जीभ बधिर झाल्यावर गप्प बसले. सगळं स्वच्छ झालं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

तेवढ्यात शोभाताई फोन वर सरकवत म्हणाल्या, "आणि ताई, ही सकाळची चारोळी?"

"हो हो, चारोळी पण दुकानातलीच! खिरीत घालतो ती," मी उठलेच पाकीट काढायला.

"अवो ती नाही. ही चार ओळींची." आणि त्यांनी मोठ्याने वाचली:

"केशर आम्ही, पिस्ते तुम्ही,
सून वेलची सोललेली,
दूध तापले, साखर विरली,
नात्याची ही बासुंदी झाली!"

सौरभच्या बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सकाळी हे आलं ना," शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या, "तेव्हाच ह्यांना शंका आली होती, बाईंच्या डोक्यावर काही परिणाम तर नाही झाला? सोललेली वेलची! म्हणून तर मी दुपारी जरा चाचपायला मेसेज केला. आता कळलं बाप्पा, हेही त्या मशीनचंच काम! आहे ना?"

आता काय सांगू तुम्हाला! ती कविता मी आदल्या रात्री जागून केली होती. स्वतः. एकटीने. चार वेळा खोडून. आमच्या ह्यांनाही वाचून दाखवली होती, आणि ते चहा अर्धाच टाकून मार्केट यार्डाला निघून गेले होते.

मी पदराने घाम पुसला आणि म्हटलं, "मशीनच हो ताई. नवीन आहे ना, काहीही बरळतं!"