पाच तारा खिशात

भद्रकालीत सतारी दुरुस्त करणारे एक चाचा होते. वाद्य ऐकायचं असलं की ते गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून बसत. देवळालीच्या एका गोऱ्या साहेबाकडून मी गिटार घेतली होती. ती घेऊन दर पंधरवड्याला मी तारांची तक्रार करायला जाई. तिसऱ्या खेपेला त्यांनी सहापैकी पाच तारा काढून स्वतःच्या खिशात घातल्या.

"तार अच्छी हाय, मास्तर. तुमची घाई लय हाय. ही एक नीट बोलली की दुसरी घेऊन जा."

वर्षभरात माझ्याकडे पाच तारा झाल्या. सहावी मागायला गेलो, तेव्हा ऐटीत अख्खी चीज वाजवली. चाचांनी पाठमोऱ्यानंच शेवटपर्यंत ऐकली.

"घाई परत आली वाटतं," म्हणाले, आणि दोन तारा काढून घेतल्या.