सुनीता बसून जेवली

"लो, आ गईं. अब बहूरानी बैठके खाएँगी."

मी उंबऱ्याशी चपला काढत होते, तेव्हा आतून सुनीताच्या सासूबाई असं म्हणाल्या. माझ्याबरोबरच्या काकूंनीही ते ऐकलं असणार, कारण त्या आत शिरतानाच म्हणाल्या, "हाँ अम्मा, आप भी बैठ जाओ." मग त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि सुनीताच्या कडेवरची सगळ्यात लहान मुलगी आपल्या कडेवर घेतली.

"बैठके खाओ," त्या सुनीताला म्हणाल्या. "मैं हूँ."

काकूंबरोबर मी पहिल्यांदा शहराच्या कडेच्या भैरवगढला गेले तो हा दिवस. तिथे कापडावर छपाई करायला जाणाऱ्या बायका दिवसभर आपली मुलं सुनीताकडे ठेवतात. एक खोली आणि नऊ मुलं. आपण मराठीत पाळणाघर म्हणतो, इकडे हिंदीत झूलाघर म्हणतात. आमची संस्था झूलाघरं चालवत नाही. ती चालवणाऱ्या बायकांना मदत करते, असं माधव नगरच्या आमच्या ऑफिसच्या पाटीवर लिहिलेलं आहे. त्या मदतीसाठी घरोघर जायचं काम काकूंचं. ऑफिसात सगळे त्यांना दीदी म्हणत. मराठी घरातल्या म्हणून मी काकू म्हणायचे.

सुनीता जेवत होती तेवढा वेळ काकू मुलांमध्ये बसून राहिल्या. गाणी नाहीत, टाळ्या नाहीत, तक्ते नाहीत. एकाचं नाक पुसलं, दोघांचं भांडण मिटू दिलं, आणि तोंडाने सुनीताशी गप्पा. ताट संपेपर्यंत त्यांना सगळं कळलेलं होतं. कोणता मुलगा चार दिवस बोललेला नाही, सुनीताची कंबर कशाने धरते, सासू का फणफणते. उठता उठता त्यांनी पाण्याचा माठ खाली ठेवायला सांगितला, म्हणजे मुलं स्वतः पाणी घेतील आणि सुनीताला वीसदा उठावं लागणार नाही. कडेवरची छोटी उजव्या पायावर भार देत नाही हेही त्यांनीच पाहिलं.

परतताना देवास गेटला जाणाऱ्या मॅजिक गाडीत, इतर सवाऱ्यांमध्ये दाटीने बसून, मी विचारलं, की हे एवढं जेवणाचं का? मी फारसं विचारत नाही कुणाला काही. काकूंनी बाहेर बघतच सांगितलं. अकरा वर्षं त्यांनी स्वतःच्या घरी झूलाघर चालवलं होतं आणि अकरा वर्षं उभ्याने जेवल्या होत्या, एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी मूल. एकदा एका मुलीने वरण सांडलं आणि काकूंनी तिच्या हातावर मारलं.

"एवढंसं मारलं गं," त्या म्हणाल्या. "पण नंतर ती माझ्याकडे बघायचीच नाही. वाईट होते का मी? भूक लागली होती मला."

मग एकदम म्हणाल्या, "चल, उतर, आलं आपलं."

ऑफिसला काकूंचा वैताग होता, आणि थोडा खराही होता. भेटीचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा असे. काकूंच्या फोटोत बहुतेक वेळा छताचा पंखा आणि त्यांचा अंगठा यायचा. संस्थेने दिलेली खेळणी सगळ्या बायका प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात ठेवतात, तपासणीला आलेल्यांना दाखवायला. काकू जिथे जात तिथे ती वेष्टनं फाडत. "पाहुणे खेळणार आहेत का याने?" असं विचारत. मग बाई घाबरून ऑफिसला फोन करायची की दीदींनी खेळणी जुनी केली. संस्थेचे प्रमुख, आमचे सर, डोक्याला हात लावायचे. आम्ही हसायचो. मीही.

माझं काम टेबलावरचं होतं. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ते मला मिळालं. काकू वहीत लिहून आणायच्या आणि मी ते कॉम्प्युटरवरच्या इंग्रजी फॉर्ममध्ये भरायचे. वहीत असायचं: 'सुनीता बसून जेवली. गिलक्याची भाजी. छोटीचा पाय डॉक्टरला दाखवायला सांगितला.' फॉर्ममध्ये असायचं: कोणती मदत केली? प्रशिक्षण, साहित्य, निरीक्षण, पालकसभा, किंवा शेवटचं, मदत केली नाही. एकावर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे.

मी कोणावर खूण करायची ते पुष्कळ वेळा ताडून पाहिलं. प्रशिक्षण नव्हतं. साहित्य नव्हतं. निरीक्षण म्हणावं तर त्याला वीस प्रश्नांचा वेगळा कागद जोडावा लागे, आणि काकू तो भरत नसत. जे पूर्ण बरोबर नाही त्यावर खूण करायची नाही, हे शाळेने माझ्या अंगात भिनवलेलं. मी शेवटच्यावर खूण केली. सुनीताच्या दर बुधवारच्या भेटीला केली, बाकी घरांच्या भेटींनाही तीच. स्पेलिंग चुकलेलं नाही, तारीख चुकलेली नाही. इतकं व्यवस्थित खोटं मी दुसरं कुठलं लिहिलेलं नाही.

वर्षअखेरच्या बैठकीत पडद्यावर सगळ्यांची नावं आली. 'मदत केली नाही'चा रंग लाल, आणि काकूंची ओळ टोकापासून टोकापर्यंत लाल. सर रागावत नाहीत, ते गोड बोलतात. त्यांनी विचारलं, दीदी, आप इतनी अच्छी हैं, पर वहाँ जाकर करती क्या हैं?

काकू उभ्या राहिल्या. "वो खाना खाती हैं, सर. मैं बच्चे देखती हूँ."

सगळे हसले. काकूही जरा हसल्या, विनोद झाला असेल असं वाटून. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. ती ओळ मी रंगवलेली होती आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी एक वाक्य बोलले असते तर बैठक थांबली असती. मी लॅपटॉपची वायर नीट केली.

पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं त्यांना सांगण्यात आलं. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. तो फोटो मात्र नीट आला. जिन्यात काकू मला भेटल्या. मला वाटलं आता विचारतील, वहीत मी इतकं लिहीत होते ते गेलं कुठे? त्यांनी विचारलं, "बुधवारी सुनीताकडे कोण जाणार आहे?" मला त्यांचाही राग आला. भांडायला काय झालं होतं? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांच्या जागेवरून त्यांना उठवतो आणि ती खुर्ची सरळ करून जातात. त्यानंतर आपल्याला झोप कशी लागावी?

बुधवारी कुणीच गेलं नाही.

चार महिन्यांनी संस्थेला पैसा देणाऱ्या एक बाई परदेशातून आल्या. दुभाषी म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं. सुनीताकडे पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ती दारात उभी, एका हातात पोळी, कडेवर तीच छोटी. आम्हाला पाहून तिने पोळी पदराआड केली. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या.

पाहुण्या बाईंनी विचारलं, या संस्थेची कोणती मदत तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडली? मी ते सुनीताला हिंदीत सांगितलं. तिने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वो दीदी आती थीं ना, तब मैं बैठके खाती थी," ती म्हणाली. "अब नहीं आतीं. बीमार हैं क्या?"

सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, बोल दो, ट्रेनिंग.

पाहुण्या बाई वही उघडून वाट बघत होत्या. मी त्यांना सुनीताचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिने विचारलेला प्रश्नही सांगितला आणि त्याचं उत्तरही. सर खोकले. मग मी सुनीताकडे वळले. विचारलं तिने होतं, तेव्हा उत्तर तिला तिच्या भाषेत मिळायला हवं होतं.

"बीमार नहीं हैं," मी म्हणाले. "हमने उन्हें निकाल दिया. मैंने लिखा था कि वो यहाँ आकर कुछ नहीं करतीं."